कमी पैशात चालणारे निश कीवर्ड (छोट्या, ठरावीक गिऱ्हाइकवर्गाचे शोधशब्द) कसे शोधायचे?

सुईदोरा
नमस्कार मंडळी. शिलाई मशीनचे सुटे भाग, सुया, बॉबिन (खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ) असा किरकोळ माल ऑनलाइन विकते. वेबसाइट माझी मीच उभी केली आहे, पॅकिंगही मीच करते. जाहिरातीसाठी दरमहा थोडेच पैसे बाजूला निघतात आणि महागड्या कीवर्ड टूलची वर्गणी तर झेपणारीच नाही.

कीवर्ड प्लॅनरमध्ये (कोणता शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो ते दाखवणारं गूगलचं साधन) 'शिलाई मशीन' टाकलं की आकडा डोळे दिपवतो, पण तिथे बड्या दुकानांनी आधीच ठाण मांडलंय. 'बॉबिन केस' टाकलं तर '१०० ते १ हजार' असा पट्टा येतो. शंभर आणि हजारात काही फरक आहे की नाही? लहान, पण गिऱ्हाईक आणून देणारे शब्द तुम्ही कसे शोधता? आणि पैसे घालण्याआधी त्यातला कोणता चालेल याचा अंदाज कसा बांधता?

मधलीसुट्टी
वाचनखूण साठवली. माझं दुकान गिटारच्या तारांचं, दुखणं तेच.

आकडेबहाद्दर
ताई, तो पट्टा दिसतो कारण खात्यातून जाहिरातीवर खर्च नाही किंवा अगदीच कमी आहे. २०१६ पासून गूगलने अशा खात्यांना नेमके आकडे दाखवणं बंद केलंय. पण नेमका आकडा मिळाला तरी फार हुरळून जाऊ नका. तो १२ महिन्यांची सरासरी असतो, गोल केलेला असतो, आणि मिळतेजुळते शब्द एकत्र मोजलेले असतात.

दुसरं म्हणजे तिथल्या 'कॉम्पिटिशन' रकान्यावरून बरेच जण फसतात. ती स्पर्धा जाहिरातदारांची आहे. 'लो' दिसलं म्हणजे लेख लिहून पहिल्या पानावर पोचणं सोपं, असा अर्थ त्यातून निघत नाही.

मी शब्द शोधायच्या आधी उलटं गणित मांडतो. समजा एका ऑर्डरमागे माल, पॅकिंग, कुरिअर सगळं वजा जाता १०० उरतात आणि १०० क्लिकमागे २ ऑर्डर येतात. म्हणजे १०० क्लिकची कमाई २००, एका क्लिकची २. क्लिकला २ च्या वर मोजलेत की तोटा, आणि नेमके २ मोजलेत तर नुसती हमाली. आता प्लॅनरमधला 'टॉप ऑफ पेज बिड'चा, म्हणजे जाहिरात पानाच्या वरच्या भागात दिसावी म्हणून एका क्लिकला मोजल्या जाणाऱ्या रकमेचा, खालचा आकडा बघा. तोच ६ असेल तर त्या शब्दावर जाहिरात करायची नाही, विषय संपला. आधी तुमचा हा आकडा काढा. अर्धी यादी तिथेच गळते.

सुईदोरा
गणित पटलं. पण सुयांच्या एका पाकिटात उरतंच किती? या हिशेबाने माझा एकही शब्द टिकायचा नाही.

आकडेबहाद्दर
म्हणून पाकीट मोजू नका, टोपली मोजा. सुई घ्यायला आलेली व्यक्ती बॉबिन, तेल, ब्रश असं आणखी काय उचलते ते जुन्या ऑर्डरींमधून काढा. एकाच मशीनला लागणाऱ्या गोष्टींचा संच करून विकलात तर तोच शब्द परवडायला लागेल. भागत नसेल तर दर वेळी शब्दच बदलायला हवा असं नाही, कधी कधी त्या शब्दापुढे मांडलेला माल बदलावा लागतो.

शब्दखणक
गणित झालं, आता शब्दांकडे येऊ. कारण या धंद्यात शब्दांची खाण आहे आणि ताई, ती तुमच्या हाताखालीच आहे.

घरगुती मशीनच्या सुईला किती नावं आहेत बघा. १३०/७०५ एच, १५×१, एचए×१. तिन्ही एकच सुई, दांडा एका बाजूने चपटा. कारखान्यातल्या मशीनची गोल दांड्याची सुई वेगळी. तिला डीबी×१ म्हणतात, तीच १६×२३१. आता 'शिलाई मशीनची सुई' असं शोधणाऱ्याला अजून कळलेलं नाही त्याला काय हवंय. तो वाचेल, चित्रं बघेल, निघून जाईल. जो '१३०/७०५ एच ९०/१४' (९०/१४ म्हणजे सुईची जाडी) असं टाइप करतो त्याच्या हातात रिकामं पाकीट आहे, त्यावरचं वाचून तो अक्षर न् अक्षर टाइप करतोय. असे शोध कमी असतील, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक जण पाकीट काढून बसलाय. प्लॅनर अशा शब्दांपुढे शून्य नाहीतर नुसती रेघ दाखवेल. दाखवू दे. गूगलनेच अनेकदा सांगितलंय की रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के त्यांनी याआधी कधीच पाहिलेले नसतात. ज्याची टूलमध्ये नोंदच नाही त्याचा आकडा टूल कुठून आणणार?

तेव्हा पहिली यादी टूलमधून काढू नका. मालाच्या पाकिटांवरून, मशीनच्या पुस्तिकांवरून, भागांच्या नंबरांवरून काढा. एकाच वस्तूची सगळी नावं एका पानावर यायला हवीत. बड्या दुकानांच्या पानावर बहुतेकदा एकच नाव असतं, कारण तिथे माहिती भरणाऱ्याने सुई कधी बदललेली नसते.

काटकसरे
शब्दखणक यांना +१. भर घालतो. गूगलच्या शोधपेटीत शब्द लिहून पुढे एकेक अक्षर टाकत जा. अ, आ, क, ख... खाली सूचना बदलत जातात. मधली जागा मोकळी सोडून कर्सर तिथे नेला तरी वेगळ्या सूचना मिळतात. हाच खेळ यूट्यूबवर आणि मोठ्या बाजारपेठांच्या साइटवर करा. तिन्हीकडच्या सूचना वेगवेगळ्या येतात. यूट्यूबवर 'कसं करायचं' वाली मंडळी, बाजारपेठेत 'किती पडेल' वाली. जो शब्द बाजारपेठेच्या साइटवर सुचवला जातो, तो विकत घेणाऱ्यांचा असण्याची शक्यता जास्त. फुकटात इतकी चांगली चाळणी दुसरी नाही.

चमकदार_डिजिटल
मित्रांनो, आमच्या प्रीमियम कोर्समध्ये कमी स्पर्धेच्या, जास्त कमाईच्या १००० कीवर्डची तयार यादी मिळेल! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा!

कुंपणावरचा
म्हणजे तुमचे जितके गिऱ्हाईक तितक्या जणांकडे तीच यादी, आणि वर ती 'कमी स्पर्धेची'. वा!

संपादक, जरा लक्ष द्या. मूळ विषयाकडे येतो.

'कमी स्पर्धा' या आकड्यावरच माझा विश्वास नाही. टूलवाले जी 'डिफिकल्टी' (पहिल्या पानावर येणं किती कठीण) दाखवतात ती मुख्यतः पहिल्या पानावरच्या साइटना बाहेरून किती लिंका आहेत यावर काढलेली असते, आणि प्रत्येकाचं सूत्र वेगळं. एकच शब्द एका टूलमध्ये १२, दुसऱ्यात ४०. मध्यंतरी तो 'गोल्डन रेशो' पण फार गाजला. शीर्षकात नेमका शब्द असलेली पानं भागिले महिन्याचे शोध, उत्तर ०.२५ च्या खाली आलं की म्हणे सोनं. पण भाजक जर प्लॅनरमधला '१०० ते १ हजार' असेल तर उत्तरच दहापट इकडे किंवा तिकडे जातं. कसलं सोनं?

त्यापेक्षा शब्द शोधून पहिलं पान स्वतः डोळ्यांनी वाचा. वर काय आहे? फोरमवरचे जुने प्रश्न, कोणाची तरी स्कॅन केलेली पुस्तिका, विषयाला नुसती चाटून जाणारी पानं असतील तर जागा आहे. आणि सगळीकडे वस्तूंचीच पानं असतील तर तिथे लेख घुसवायला जाऊ नका. गूगलला कळलंय की लोकांना तिथे दुकान हवंय. उलटही तितकंच खरं.

सुईदोरा
सगळ्यांचे आभार. शब्दखणक, तुमचं वाचून गिऱ्हाइकांचे जुने निरोप काढून बसले. दोन प्रश्न सारखे येतात. एक, 'खालचा दोरा गुंततो, बॉबिन केस बदलू का?' दुसरा, 'मशीन टाके सोडतं, काय करू?' दोन्ही शोधून पाहिले, सूचनांमध्ये दोन्ही येतात. दोन्हीवर जाहिरात करावी का?

शब्दखणक
ताई, हा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं. वरवर दोन्ही सारखेच दिसतात, पण धंद्याच्या दृष्टीने दोन टोकांचे आहेत. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार, पण इतरांसाठी लिहितो.

कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला की माणसाला वाटतं खालच्या भागात बिघाड आहे. बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली ठेवून दोरा ओवला की टेन्शनच्या (दोरा ताणून धरणाऱ्या) चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही, आणि तो सैल दोरा खाली जाऊन गोळा होतो. उपाय काय? फूट उचला, दोरा काढून पुन्हा ओवा. खर्च शून्य. म्हणजे या शोधातून आलेल्याला तुम्ही प्रामाणिकपणे उत्तर दिलंत तर तो काहीच विकत घेणार नाही. आणि त्याला बॉबिन केस विकलीत तर ती परत येईल, सोबत शिव्या येतील.

टाके सुटतात तेव्हा मात्र पहिला संशय सुईवर. बोथट, वाकलेली, उलटी बसवलेली, नाहीतर त्या कापडाला न चालणारी. ताणणाऱ्या कापडावर साधी सुई टाके सोडते, तिथे गोल टोकाची किंवा स्ट्रेच सुई लागते. उपाय काय? नवी सुई, आणि ती तुमच्या फळीवर आहे.

म्हणून शब्द हातात आला की मी आधी विचारतो, याच्या अडचणीचा खरा उपाय माझ्या मालात आहे का? शोध किती आणि स्पर्धा किती हे त्यानंतर. 'टाके सुटतात' वर पैसे लावा. 'दोरा गुंततो' वर एक चांगला लेख लिहा, फोटो टाका आणि क्लिकमागे छदामही देऊ नका.

कुंपणावरचा
हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवावा असा आहे. फक्त एक शंका. गुंत्यावरच्या लेखाने विक्री होणार नसेल तर लिहायचा कशाला?

शब्दखणक
असे लेख लोक एकमेकांना पाठवतात, शिवणकामाच्या गटांत लिंक जाते. तशा लिंका विक्रीच्या पानाला कोणी देत नाही. शिवाय त्याच लेखातून सुयांच्या पानाकडे एक दुवा द्यायला हरकत नाही. पण अशा लेखांची रांग लावू नये. दोन-चार पुरे. नाहीतर वाचक वाढतात, ऑर्डर तिथल्या तिथे, आणि माणूस आलेखाकडे बघून खूश.

काटकसरे
ताई जाहिरात लावणारच असतील तर काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो, कारण लहान बजेट कीवर्डपेक्षा सेटिंगमुळे जास्त वाहून जातं.

नवीन खातं उघडताना गूगल 'स्मार्ट' प्रकाराकडे ढकलतं. तिथून एक्स्पर्ट मोडमध्ये या, नाहीतर शब्दांवर ताबा राहत नाही. सर्च कॅम्पेन (शोधाच्या निकालांत दिसणारी जाहिरात) करताना डिस्प्ले नेटवर्क (इतर साइटवरच्या जाहिराती) आणि सर्च पार्टनर (गूगलच्या भागीदार शोधसाइट) या दोन्ही खुणा आधीपासून लावलेल्या असतात, त्या काढा. ठिकाणाच्या पर्यायात 'तिथे असलेले किंवा त्यात रस असलेले' असं निवडलेलं असतं, ते बदलून फक्त 'तिथे असलेले' करा. रोजचं बजेट म्हणजे त्या दिवसाची कमाल मर्यादा असं समजू नका. एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, महिन्याचा हिशेब मात्र रोजच्या आकड्याच्या ३०.४ पटीच्या वर जात नाही.

शब्द एक्झॅक्ट मॅचमध्ये (त्या शब्दाशी जुळणाऱ्या शोधांवरच जाहिरात) घाला. नावावर जाऊ नका, २०१८ पासून त्यातही 'त्याच अर्थाचे' शोध चालतात. तरी ब्रॉडपेक्षा (ढोबळ संबंध असलेले शोधही धरणारा प्रकार) आवर राहतो. आणि पहिल्या दिवसापासून सर्च टर्म्स रिपोर्ट उघडत राहा. लोकांनी खरोखर काय टाइप केलं ते तिथे दिसतं. सगळं नाही दिसत, २०२० पासून फार थोड्यांनी केलेले शोध लपवले जातात, पण जे दिसतं तेही डोळे उघडणारं असतं. 'फुकट', 'पीडीएफ', 'नोकरी', 'खेळण्यातलं' असे शब्द निगेटिव्हमध्ये (हे शब्द असतील तर जाहिरात दाखवू नका, अशा यादीत) टाकत चला. इथे एक मेख आहे. निगेटिव्ह कीवर्ड समानार्थी शब्द किंवा अनेकवचन आपोआप धरत नाही, 'सुई' आणि 'सुया' दोन्ही वेगवेगळे टाकावे लागतात. स्पेलिंगच्या चुका तेवढ्या २०२४ पासून धरल्या जातात.

मधलीसुट्टी
माझ्या शब्दांपुढे 'लो सर्च व्हॉल्यूम' असं येतं आणि जाहिरात दिसतच नाही. शब्दखणक म्हणतात कमी शोधांचेच शब्द घ्या. मग करायचं काय?

काटकसरे
हो, फारच कमी शोध असलेला शब्द गूगल झोपवून ठेवतं, शोध वाढले की आपोआप जागा करतं. दंड नाही, पण त्या शब्दावर जाहिरातही नाही. दोन वाटा आहेत. एक म्हणजे नंबरांचे शब्द जाहिरातीत न घालता वस्तूच्या पानाच्या शीर्षकात आणि मजकुरात घाला. तिथे शोध मोजत बसणारं कोणी नाही आणि क्लिक फुकट. दुसरी, एक पायरी वरचा शब्द फ्रेज मॅचमध्ये (तो अर्थ असलेले लांब शोधही धरणारा प्रकार) घ्या, म्हणजे त्याच्या पोटात बारीकसारीक शोध येतील. तुमच्या बाबतीत तारेची जाडी आणि गिटारचा प्रकार मिळून एक शब्द.

सुईदोरा
काटकसरे यांनी सांगितल्याप्रमाणे सेटिंग बदलली. 'टाके सुटतात' आणि 'ताणणाऱ्या कापडासाठी सुई' या दोन गटांवर थोडे पैसे लावलेत. दुसऱ्यातून ऑर्डर यायला लागल्या आहेत. पहिल्यात क्लिक आहेत, ऑर्डर अजून नाही. बंद करू का? आणि रिपोर्टमध्ये एक गंमत दिसली. 'कोणती बॉबिन बसेल' अशा धाटणीचे शोध बरेच आहेत, मॉडेलच्या नावासकट.

आकडेबहाद्दर
थांबा. किती क्लिकनंतर बंद करायचं याचा एक सोपा ठोकताळा संख्याशास्त्रात आहे, 'रूल ऑफ थ्री' म्हणतात. काही क्लिक झाले आणि विक्री शून्य, तर ३ भागिले क्लिक हा खऱ्या दराचा वरचा अंदाज, ९५ टक्के खात्रीने. ३० क्लिक, विक्री शून्य? दर अजूनही १० टक्क्यांपर्यंत असू शकतो, म्हणजे काहीच ठरलेलं नाही. १०० क्लिकनंतर ३ टक्के. तुम्हाला परवडायला २ टक्के लागत असतील तर १५० क्लिक कोरडे गेल्यावर हात झटका, त्याआधी नाही.

यातूनच बजेटचं गणित निघतं. एका शब्दाचा निकाल लावायला १५० क्लिकचे पैसे लागणार. तुमच्या महिन्याच्या पैशात असे किती शब्द बसतात? दोन बसत असतील तर दोनच घ्या. लोक पन्नास शब्दांवर पैसे भुरभुरवतात, प्रत्येकाला पाच-सहा क्लिक मिळतात आणि महिनाअखेर एकाबद्दलही काही सांगता येत नाही. एकाच हेतूचे शब्द एका गटात ठेवून गटाचा निकाल बघितलात तर आणखी बरं.

कुंपणावरचा
आकडेबहाद्दर, गणित बरोबर, पण १५० होईपर्यंत डोळे मिटून बसायचं का? रिपोर्टमधले शोधच भलते निघाले तर क्लिक मोजायची गरज नाही. विणकामाचे 'टाके सुटतात' असं शोधणारी मंडळी त्यात घुसली नाहीत ना, ते आधी बघा ताई.

सुईदोरा
अगदी! आत्ता पाहिलं. विणकामवाले आहेत, आणि जखमेचे टाके सुटले म्हणून शोधणारेही आहेत. बापरे.

काटकसरे
'जखम', 'ऑपरेशन', 'विणकाम', 'क्रोशे', 'लोकर' निगेटिव्हमध्ये टाका आणि मोजणी तिथून नव्याने धरा. मूळ शब्दातही 'मशीन' असू द्या.

शब्दखणक
आणि ते 'कोणती बॉबिन बसेल' सोडू नका. मला तर तोच तुमचा खरा कोनाडा वाटतो. क्लास १५ आणि १५जे या दोन प्रकारच्या बॉबिन दिसायला जवळजवळ सारख्या, फक्त एकीच्या बाजू सपाट आणि दुसरीच्या किंचित फुगीर. चुकीची बसवली की मशीन कुरकुरतं. ही शंका विकत घेण्याच्या एक पाऊल आधीची आहे, उपाय तुमच्या फळीवर आहे, आणि पहिल्या पानावर मी पाहिलं तर फोरमवरचे अर्धवट प्रश्नच जास्त. एकेका मॉडेलसाठी छोटं पान करा. बसणारी बॉबिन, बसणारी सुई, फूट लो शँक की हाय शँक (फूट जिथे बसतो ती दांडी आखूड की उंच), आणि दोन बॉबिन शेजारी ठेवून बाजूने काढलेला फोटो. पण ज्या मॉडेलवर स्वतः बसवून पाहिलंय त्यांचीच पानं करा. नुसती नावं बदलून शेकडो पानं छापणाऱ्या साइट गूगल हल्ली फार काळ वर राहू देत नाही.

पानं थोडी मुरली की सर्च कन्सोल (तुमची साइट गूगलवर कोणत्या शोधांवर, कितव्या जागी दिसते ते सांगणारं गूगलचं साधन) उघडा. फुकट आहे, १६ महिन्यांपर्यंतचा डेटा ठेवतं. ज्या शोधांवर तुमचं पान आठव्या ते विसाव्या जागी दिसतंय तेवढेच गाळून काढा. त्या शब्दांवर गूगल तुम्हाला ओळखायला लागलंय, पानावर त्यांचं धड उत्तर मात्र नाही. पुढचे कीवर्ड तिथून मिळतील, टूल घ्यायची गरज पडणार नाही.

सुईदोरा
शेवटची शंका. मॉडेलची पानं म्हणजे कंपन्यांची नावं आली. जाहिरातीत दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव चालतं का?

काटकसरे
कीवर्ड म्हणून चालतं, गूगल अडवत नाही. जाहिरातीच्या मजकुरात घातलं आणि मालकाने तक्रार केली तर बंधन येऊ शकतं. त्यातही सुटे भाग किंवा त्या मशीनला चालणारा माल विकणाऱ्यांना सवलत आहे, अट एवढीच की क्लिक केल्यावर उघडणारं पान खरोखर तोच माल विकण्यासाठी असावं. 'अमुक मशीनला बसणारी बॉबिन' असं लिहा, 'अमुक कंपनीची बॉबिन' असं नको. हे झालं गूगलच्या नियमांचं. ट्रेडमार्कचा कायदा वेगळा, त्यासाठी जाणकाराला विचारा.

मधलीसुट्टी
ताई, १५० क्लिक झाले की इथेच कळवा. तोवर मी तारांच्या पाकिटांवरचे नंबर उतरवायला बसतो.